धागा न तोडता त्याच्या पोटातलं वाचायचं कसं?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेलं काढलंय, काही वाक्यं सरळ केलीत, हिशेब परत तपासलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आहे फायबर. इंटरनेटवाला फायबर पण येणार आहे, पण शेवटी. आधी कपड्यातला. म्हणजे तंतू. आणि त्याला प्रकाशाने कसं मोजतात ते.

सुरुवात एका भांडणापासून करू. यंत्रमागाच्या गावात, इचलकरंजी म्हणा, भिवंडी म्हणा, हे भांडण नवीन नाही. समजा एका कारखानदाराने पॉलिएस्टरचं सूत घेतलं. १५० डेनियर, ७२ फिलामेंट. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, आणि ७२ फिलामेंट म्हणजे त्या एका धाग्यात ७२ बारीक तंतू. कापड विणलं, ग्रे कापड एकदम स्वच्छ दिसतंय. ते प्रोसेस हाउसला गेलं, नेव्ही ब्लू रंग चढला, आणि ताग्यावर आडवे फिक्के-गडद पट्टे उठले. माल परत. रंगवाला म्हणतो सूत खराब. सूतवाला रिपोर्ट काढून दाखवतो: हा लॉट १५० डेनियर, तो पण लॉट १५० डेनियर, दोन्ही शंभर टक्के पॉलिएस्टर. विणणारा मधल्या मध्ये. पैसे कोणी भरायचे?

गंमत अशी की सगळेच खरं बोलत असू शकतात. वजन तेच, जाडी तीच, रसायन तेच. आणि तरीही दोन तंतू आतून वेगळे असू शकतात.

कसे? पॉलिएस्टरचा रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी. वितळलेलं पॉलिएस्टर बारीक छिद्रांतून बाहेर येतं तेव्हा या साखळ्या शिजवलेल्या शेवयांसारख्या असतात, गुंतलेल्या, कुठलीही कुठेही. मग तो तंतू ओढतात. जितका ओढाल तितक्या साखळ्या तंतूच्या लांबीच्या दिशेने सरळ होत जातात, कडब्याच्या पेंढीसारख्या. सैल गुंत्यात रंगाच्या रेणूला शिरायला जागा असते, घट्ट पेंढीत कमी. ओढण्याचा वेग, तापमान, नंतर दिलेली उष्णता, यात लॉटागणिक थोडा फरक पडला की रंग कमी-जास्त बसतो. गडद रंगात ते लगेच डोळ्यांवर येतं.

मग आतली ही ठेवण मोजायची कशी? धागा ओढून तोडायची चाचणी असतेच, आणि ती उपयोगी आहे. पण तिच्यात ७२ तंतूंची सरासरी मिळते. तिला हातभर सूत लागतं. आणि मोजून झालं की नमुना संपला. पट्टा आलेल्या कापडातून तुम्ही जेमतेम काही मिलिमीटरचा तंतू चिमट्याने काढू शकता. एवढासा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पुरतो. इथे येतो इंटरफेरोमीटर, म्हणजे व्यतिकरणमापी.

बारावीचं भौतिकशास्त्र विसरलेल्यांसाठी लेझीम घेऊ. लेझमीच्या दोन रांगा एकाच ठेक्यावर निघाल्या. एक रांग डांबरी रस्त्याने गेली, दुसरी चिखलातून. दोघी पुढे चौकात एकत्र आल्या. चिखलातली रांग बरोबर एक पूर्ण ठेका मागे पडली असेल तर काही कळणारच नाही, आवाज एकसाथ येईल. अर्धा ठेका मागे पडली असेल तर सगळा विचका. प्रकाशाचं तसंच. एका किरणाचे दोन भाग करायचे, एक तंतूतून न्यायचा, एक बाजूने, आणि परत एकत्र आणायचे. ठेका जुळला तर उजेड, अर्ध्याने चुकला तर अंधार. उपकरण थोडं तिरपं लावलं की दृश्यात उजेड-अंधाराचे समांतर पट्टे दिसतात, शर्टाच्या रेघांसारखे. त्या रेघांवर तंतू आडवा ठेवला की तंतूच्या जागी रेघा एका बाजूला सरकतात. किती सरकल्या, ते मोजायचं. बस, सगळा खेळ एवढाच.

(हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ जो लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतोय, तोही इंटरफेरोमीटरच. त्याचे हात ४ किलोमीटरचे आणि मोजायच्या आहेत अवकाशातून येणाऱ्या लहरी. आपला मावतो टेबलावर. तत्त्व एकच.)

आता पट्टा किती सरकेल हे दोन गोष्टींवर ठरतं: तंतूची जाडी, आणि तंतूच्या आणि बाहेरच्या माध्यमाच्या अपवर्तनांकातला फरक. अपवर्तनांक म्हणजे प्रकाश त्या पदार्थात किती मंदावतो त्याचा आकडा. पाण्याचा १.३३, म्हणजे पाण्यात प्रकाश १.३३ पट हळू. हिशेब सोपा आहे: हा फरक गुणिले जाडी, भागिले प्रकाशाची तरंगलांबी. जे उत्तर येईल तितके पट्टे सरकणार.

तंतू हवेत ठेवून मोजत नाहीत, तेलासारख्या द्रवात बुडवतात. कारण हवेत फरक इतका मोठा पडतो की पट्टे कुठून कुठे गेले ते कळत नाही, शिवाय गोल तंतू स्वतःच भिंगासारखा वागून चित्र बिघडवतो. द्रव असा निवडायचा की ज्याचा अपवर्तनांक तंतूच्या जवळ असेल आणि जो तंतूला फुगवणार नाही. लिक्विड पॅराफिन साधारण १.४८ चं, अल्फा-ब्रोमोनॅफ्थलीन १.६६ च्या आसपासचं. दोन्ही कमी-जास्त मिसळून मधला हवा तो आकडा मिळवता येतो. स्वयंपाकच आहे एक प्रकारचा.

आणि आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. ओढलेल्या पॉलिएस्टरचा अपवर्तनांक एक नाहीच, दोन आहेत! प्रकाशाची थरथर तंतूच्या लांबीच्या दिशेने असेल तर सुमारे १.७२. आडवी असेल तर सुमारे १.५४. कारण साखळीतले इलेक्ट्रॉन साखळीच्या दिशेने सहज हलतात, आडवे कमी. ज्या दिशेने ते जास्त हलतात त्या दिशेच्या प्रकाशाला जास्त अडकवतात. दोन आकड्यांतल्या या फरकाला म्हणतात द्वि-अपवर्तन. साखळ्या जितक्या सरळ, तितका हा फरक मोठा. शेवयांचा गुंता असेल तर फरक जवळजवळ शून्य.

म्हणजे असं बघा. १.५४ चा द्रव घेतला, त्यात तंतू ठेवला आणि ध्रुवित प्रकाशाची दिशा आडवी ठेवली, तर पट्टे सरळच्या सरळ जातात. तंतू गायब! जणू तिथे काही नाहीच. आता ध्रुवक ९० अंशांनी फिरवा. तोच तंतू, तोच द्रव, आणि पट्टे एकदम उड्या मारतात. किती? १५० डेनियर भागिले ७२ म्हणजे एक तंतू साधारण २ डेनियरचा, त्याचा व्यास १५ मायक्रॉनच्या आसपास येतो. केसाच्या एक पंचमांश म्हणा. फरक ०.१८ गुणिले १५ म्हणजे २.७ मायक्रॉन. पाऱ्याच्या दिव्याचा हिरवा प्रकाश घेतला, तरंगलांबी ०.५४६ मायक्रॉन. भागाकार आला जवळजवळ ५. पाच पट्टे.

आता आपल्या भांडणाकडे या. समजा एका लॉटचं द्वि-अपवर्तन ०.१८ आणि दुसऱ्याचं ०.१६. फरक ०.०२. गुणिले १५, भागिले ०.५४६, म्हणजे अर्ध्या पट्ट्याहून जास्त. हे मोजायला काही विशेष यंत्रणा लागत नाही, सूक्ष्मदर्शकातून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. डेनियरच्या रिपोर्टमध्ये जे दिसत नव्हतं ते इथे समोर उभं. आणि अर्धवट ओढलेलं सूत, ज्याला बाजारात पीओवाय म्हणतात, त्याचं द्वि-अपवर्तन ०.०४ च्या आसपास असतं. तेवढ्याच जाडीला जेमतेम एक पट्टा. पाच आणि एक, गोंधळायचं कारणच नाही.

अजून एक छान गोष्ट. द्रवाचा अपवर्तनांक तापमानाने बदलतो, एका अंशाला साधारण ०.०००४ ने कमी होतो. सकाळी आणि दुपारी मोजलंत आणि खोलीत १० अंशांचा फरक असला तर ०.००४ ची चूक घरात शिरली. म्हणून एकेक अपवर्तनांक मोजायचा तर तापमान सांभाळावं लागतं. पण द्वि-अपवर्तन ही वजाबाकी आहे. दोन्ही मोजमापं त्याच द्रवात, त्याच वेळी केली की द्रवाचा आकडा दोन्हीकडून कटतो. वॉर्सातल्या माक्सिमिलियन प्लुता यांनी बनवलेला ध्रुवण-व्यतिकरण सूक्ष्मदर्शक हेच थेट करतो. एका मांडणीत तंतूच्या दोन वेगळ्या प्रतिमा दिसतात, एक उभ्या अपवर्तनांकाची, एक आडव्या. दुसऱ्या मांडणीत दोन्ही एकमेकींवर येतात आणि उरतो तो फक्त फरक. तंतूंवर काम करणाऱ्यांमध्ये हे उपकरण लोकप्रिय का झालं असेल ते कळतं.

या क्षेत्रात इजिप्तचं नाव वारंवार येतं. कापसाचा देश, त्यामुळे आश्चर्य नाही. कैरोचे एन. बरकत यांनी १९७१ पासून तंतूंच्या व्यतिकरणाचं गणित मांडलं, आणि त्यांनी व मन्सूरा विद्यापीठाचे ए. ए. हमझा यांनी मिळून या विषयावर १९९० मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातल्या गणिताचा एक मोठा भाग असा की तंतू गोल नसेल तर काय. कारण आत्तापर्यंत आपण १५ मायक्रॉनची गोल सळई धरून चाललोय. कापूस तसा नसतोच.

कापसाचा तंतू बोंडात जिवंत असताना नळीसारखा असतो. बोंड उघडलं, वाळला, की ती नळी चपटी होते आणि पीळ खाते. मध्ये पोकळी, बाजूला भिंत. जाडी दर ठिकाणी वेगळी. मग एका जागी पट्टा किती सरकला हे मोजून काय उपयोग? उपाय असा की तंतूच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकलेल्या पट्ट्याखालचं पूर्ण क्षेत्रफळ मोजायचं आणि तंतूच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागायचं. आकार कसाही वेडावाकडा असो, सरासरी अपवर्तनांक बरोबर येतो. कापसाचे आकडे आहेत साधारण १.५८ आणि १.५३, फरक ०.०५ च्या आत. लोकरीचा फरक ०.०१. ॲक्रिलिकचा तर किंचित उणे! त्यात साखळीला लटकलेले बाजूचे गट प्रकाशाला जास्त अडवतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत एखादा सुटा तंतू कशाचा ते ओळखताना हे अधिक-उणे चिन्ह कामाला येतं.

कापसात आणखी एक प्रश्न असतो, पक्वतेचा. भिंत नीट भरलेली नसेल तर तंतू कच्चा. कच्चे तंतू रंग कमी घेतात आणि त्यांच्या गाठी होतात, रंगवलेल्या कापडावर पांढुरके ठिपके दिसतात. ध्रुवित प्रकाशात, एक विशिष्ट पट्टी मध्ये घालून बघितलं, तर पक्व तंतू पिवळसर दिसतात आणि कच्चे निळे-जांभळे. हा रंग कसलाही डाय न घालता येतो. दोन दिशांच्या प्रकाशातली जी पिछाडी आपण वर मोजली तीच इथे रंग बनून समोर येते. माटुंग्याला कापसाच्या तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था, सिरकॉट, १९२४ पासून आहे. लोकलने जाता-येता तिच्याजवळून गेलेल्या बऱ्याच जणांना आत कशावर काम होतं याचा पत्ता नसेल.

तंतूची जाडी प्रकाशाने मोजायची कल्पना तर त्याहून खूप जुनी. प्रकाश लहरींसारखा वागतो हे १८०१ च्या सुमारास मांडणारे थॉमस यंग, त्यांनी लोकरीच्या तंतूंची जाडी मोजायला एक साधं उपकरण केलं होतं. लोकरीच्या पुंजक्यातून दिव्याकडे बघायचं, भोवती रंगीत कडी दिसतात, लोकर जितकी बारीक तितकी कडी मोठी. नाव ठेवलं एरिओमीटर, ग्रीकमध्ये एरिऑन म्हणजे लोकर.

बरं, आता माझ्या प्रांतात येऊ. सॉफ्टवेअर. पूर्वी हे पट्टे डोळ्याने, नेत्रिकेतल्या मोजपट्टीवर मोजायचे. आता कॅमेरा आणि कोड. १९८२ मध्ये जपानच्या मित्सुओ ताकेदा आणि सहकाऱ्यांनी एक पद्धत दिली जी मला फार भारी वाटते: सरळ पट्टे म्हणजे रेडिओची वाहक लहर समजा, आणि तंतूमुळे झालेली सरक म्हणजे तिच्यावर बसलेलं गाणं. फूरिए रूपांतर करा, वाहक लहर बाजूला काढा, गाणं हातात. एका फोटोतून प्रत्येक पिक्सेलला किती पिछाडी आहे ते मिळतं. पट्ट्याचा विसावा भाग डोळ्याने वाचता आला तर आपल्या १५ मायक्रॉनच्या तंतूत ०.००२ पर्यंतचा फरक कळतो. शंभरावा भाग वाचला तर ०.०००४.

पण एक खड्डा आहे. पिछाडी ही घड्याळासारखी आहे. घड्याळ ३ वाजलेत सांगतं, कोणत्या दिवशीचे ते सांगत नाही. पट्टा ०.३ ने सरकलाय की ४.३ ने, चित्रात दोन्ही सारखंच दिसतं. पायथन वापरणारे म्हणतील, नमपायमध्ये अनरॅप आहे की. आहे, पण ते गृहीत धरतं की शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरक अर्ध्या फेरीपेक्षा कमी आहे. गोल तंतूच्या कडेला जाडी शून्यातून एकदम भिंतीसारखी चढते. नेमकं तिथेच हे गृहीतक मोडतं, आणि कोड कसलीही एरर न देता चुकीचा आकडा छापतो. मला वाटतं या सगळ्या विषयात चुकायची सगळ्यात सोपी जागा हीच.

यावर उपाय कोडमध्ये नाही, टेबलावर आहे. एक तर द्रव इतका जवळचा घ्या की सरक एका पट्ट्याच्या आतच राहील. किंवा थोडा वेळ हिरवा दिवा काढून पांढरा लावा. पांढऱ्या प्रकाशात फक्त मधला, शून्य क्रमांकाचा पट्टा रंगहीन असतो, बाकीच्यांना रंगीत कडा येतात. तो एक पट्टा तंतूच्या आत कुठे गेला ते शोधायचं, क्रमांक कळला. (तंतू आणि द्रव वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळं वाकवत असतील तर हा रंगहीन पट्टाही फसवतो. म्हणून दोन-तीन वेगळ्या द्रवांत मोजून ताळा करावा.)

सरकलेल्या पट्ट्याच्या आकारातही माहिती असते. तंतू आतून-बाहेरून एकसारखा असेल तर पट्टा गोलसर कमान काढतो. पण फार वेगाने काढलेल्या पॉलिएस्टरची बाहेरची बाजू आधी थंड होते, तिथल्या साखळ्या जास्त सरळ होतात, आत सैल राहतात. मग कमान खांद्यांवर फुगते आणि मध्ये बसते. तंतूला साल आणि गर आहे हे न कापता कळतं! तोडायच्या चाचणीला हे कधीच सांगता येणार नाही.

मर्यादा पण सांगतो, नाहीतर जाहिरात होईल. द्वि-अपवर्तन हा एकच आकडा. त्यात स्फटिकासारखा घट्ट भाग किती आणि बाकीचा किती नीट लागलेला, हे वेगळं होत नाही. नुसत्या उष्णतेने झालेला फरक असेल तर तो यातून निसटू शकतो. हर्मन्स यांच्या सूत्राने 'साखळ्या किती टक्के सरळ' असं उत्तर काढतात, पण त्यात कमाल मूल्य कोणतं धरायचं ते पुस्तकागणिक बदलतं. म्हणून दोन लॉटची तुलना करायला ही पद्धत उत्तम, पण टक्केवारीचा एकच आकडा देऊन कुणी मोकळं झालं तर त्याला कमाल मूल्य कोणतं धरलं ते जरूर विचारा. आणि कारखान्यात रोज प्रत्येक बॉबिनला हे कोणी करत नाही, करणारही नाही. भांडण झाल्यावर मात्र करून घ्यायला हरकत नसावी.

आता तो इंटरनेटवाला. घरात येणारी ऑप्टिकल फायबर १२५ मायक्रॉनची काच, मध्ये ९ मायक्रॉनच्या आसपासचा गाभा. गाभ्याचा अपवर्तनांक बाहेरच्या काचेपेक्षा फक्त ०.००५ च्या घरात जास्त. तेवढ्यावर प्रकाश आत अडकून राहतो आणि आपलं व्हिडिओ कॉल चालतं. हाच गाभा आडव्या बाजूने, जुळत्या तेलात ठेवून बघितला तर सरक किती? ९ गुणिले ०.००५, भागिले ०.५४६. पट्ट्याचा बारावा भाग. पॉलिएस्टरने पाच पट्टे उडवले होते, आणि जिच्यावर सगळं जग चाललंय ती काच जेमतेम बारावा भाग हलवते. तिथे डोळ्याने वाचणं संपतं आणि कॅमेरा-कोड लागतोच.

घरी करायचं असेल तर: साध्या एलसीडी लॅपटॉपवर पांढरा स्क्रीन उघडा, कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापक त्याच्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगलमधून बघा. गॉगल फिरवत राहा, रंग उठेपर्यंत. रंग जिथे दाटीने बदलतात तिथे साच्यात ओततानाचा ताण प्लॅस्टिकमध्ये गोठून राहिलाय. मग जाड पारदर्शक पिशवीची पट्टी कापा, आधी तशीच बघा, आणि नंतर हाताने हळूहळू ताणत बघा. चला, पुढच्या भागात भेटू.